लिंक लावणाऱ्याचा पत्ता

अमेरिकेत नवा संसार मांडणाऱ्या मराठी घराचं पहिल्या महिन्यातच मिक्सरवाचून अडतं. भारतातून बॅगेत कोंबून नेलेला मिक्सर २३० व्होल्टचा आणि तिथल्या भिंतीत १२० व्होल्ट. बटण दाबलं की पातं कसंबसं फिरतं, ओलं खोबरं भांड्याच्या कडेला चिकटून राहतं. तिथल्या दुकानांतले ब्लेंडर फळांचा रस काढायला ठीक असतात, पण भिजवलेली डाळ कमी पाण्यात वाटायला घेतली की पाच मिनिटांत मोटरचा जळका वास सुटतो. ग्रीन कार्ड हाती आल्यावर मी शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या घरातून एक वेबसाइट सुरू केली. कोणता मिक्सर १२० व्होल्टवर चटणी वाटतो, कोणत्या वेट ग्राइंडरचा दगड वर्षभरात झिजतो, कुकरची शिट्टी तिथल्या काचेच्या शेगडीवर कधी होते, हे सगळं स्वतः करून बघायचं आणि लिहायचं. लेखाच्या खाली एका मोठ्या ऑनलाइन दुकानाची लिंक. त्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली की गिऱ्हाइकाला किंमत तीच पडायची, मला सहा टक्के कमिशन मिळायचं. दोनशे डॉलरच्या ग्राइंडरमागे बारा डॉलर. महिन्याला दोनशेच्या आसपास जमायचे, त्यात मुलीच्या तबल्याच्या शिकवणीची फी भागायची.

मार्च २०११ मध्ये त्या दुकानाचा ई-मेल आला. मी इलिनॉय राज्यात राहते म्हणून माझं खातं बंद होणार होतं. मी लिहिलेलं चुकीचं होतं, लिंक फसवी होती, कुणाची तक्रार होती, यातलं काहीही नव्हतं. कारण एकच, माझा पत्ता. त्याच आठवड्यात राज्यपाल पॅट क्विन यांनी एका कायद्यावर सही केली होती. इलिनॉयमध्ये राहणारा कुणी कमिशनवर एखाद्या दुकानाची लिंक लावत असेल, तर ते दुकान इलिनॉयमध्ये हजर आहे असं समजून त्याने राज्यातल्या गिऱ्हाइकांकडून विक्रीकर गोळा करावा, असा तो कायदा. दुकानाने कर गोळा करण्यापेक्षा आम्हाला काढणं पसंत केलं.

मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं की राज्याची करावरची मागणी रास्त होती. शिकागोच्या डेव्हॉन अव्हेन्यूवर भारतीय दुकानांची रांग आहे. तिथल्या एका भांड्यांच्या दुकानात मी नेहमी जायचे. दुकानदार मूळचे सुरतचे. गिऱ्हाईक आलं की ते ग्राइंडर खोक्यातून काढून, पाणी घालून, चालवून दाखवायचे. गिऱ्हाईक मान डोलवायचं, मॉडेलचा नंबर फोनमध्ये टिपायचं आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवायचं. त्यांच्या बिलावर राज्याचा आणि स्थानिक मिळून पावणेदहा टक्के कर लागायचा, ऑनलाइन बिलावर शून्य. तीनशेच्या वस्तूवर हा फरक एकोणतीस डॉलरचा. दुकानाचं भाडं, दिवाबत्ती, नोकराचा पगार देऊन बसलेल्या माणसाला सरकारनेच मागे ओढावं, हा उघड अन्याय होता. शाळा, रस्ते, अग्निशमन दल यांच्या खर्चाला ज्या कराचा हातभार लागतो तो केवळ खरेदीची वाट बदलली म्हणून बुडावा, हेही पटण्यासारखं नव्हतं. आणि कर माफ नव्हताच. ज्या वस्तूवर विक्रीकर लागला नाही तिच्यावर गिऱ्हाइकाने स्वतःहून वापरकर भरावा, असा नियम होता. आयकराच्या फॉर्मवर त्यासाठी एक ओळही होती. ती भरणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

माझं भांडण आहे ते राज्याने तो कर वसूल करण्यासाठी कुणाचा हात धरला त्याच्याशी.

हे असं का झालं ते समजायला जरा मागे जावं लागतं, आणि योगायोग असा की ही गोष्ट सुरूही इलिनॉयमध्येच होते. नॅशनल बेलास हेस नावाची टपालाने माल विकणारी कंपनी होती, मिसुरी राज्यातली. वर्षातून दोनदा कॅटलॉग पाठवायचा, टपालाने ऑर्डर घ्यायची, टपालाने माल धाडायचा. इलिनॉयने तिच्याकडे कर मागितला. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्या विक्रेत्याचं राज्यात दुकान नाही, गोदाम नाही, माणूस नाही, त्याच्यावर कर गोळा करण्याची सक्ती करता येणार नाही. १९९२ मध्ये नॉर्थ डकोटा राज्याने पुन्हा धडक दिली. या वेळी समोर क्विल ही ऑफिसचं सामान विकणारी कंपनी होती आणि तिचं ठाणं होतं इलिनॉयमध्ये. न्यायालयाने जुनाच नियम कायम ठेवला, पण हा गुंता काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून सोडवावा, ती त्यासाठी अधिक योग्य जागा आहे, असंही लिहून ठेवलं. काँग्रेसने पुढची सव्वीस वर्षं काही केलं नाही. २०१३ मध्ये सिनेटने ६९ विरुद्ध २७ मतांनी एक विधेयक संमत केलं. ते पुढे रेटणाऱ्यांत इलिनॉयचेच सिनेटर डिक डर्बिन होते. प्रतिनिधीगृहाने ते मतालाही टाकलं नाही.

दरम्यान १९९६ मध्ये ॲमेझॉनने लिंकवर कमिशन देण्याची पद्धत सुरू केली होती. घरबसल्या पुस्तकांबद्दल लिहिणारे, बागकामाचे सल्ले देणारे, कूपन गोळा करून मांडणारे, अशी हजारो माणसं त्यावर थोडेफार पैसे मिळवू लागली. राज्यांच्या करखात्यांना या माणसांत दार दिसलं. दुकान राज्यात नाही, पण त्याची लिंक लावणारा तर आहे!

न्यूयॉर्कने २००८ मध्ये पहिला कायदा केला. राज्यातल्या रहिवाशांच्या लिंकमधून राज्यातल्याच गिऱ्हाइकांना वर्षभरात दहा हजार डॉलरच्या वर विक्री झाली की विक्रेता राज्यात आहे असं गृहीत धरायचं. ओव्हरस्टॉक या ऑनलाइन विक्रेत्या कंपनीने लगेच न्यूयॉर्कचे अॅफिलिएट, म्हणजे कमिशनवर लिंक लावणारे, काढून टाकले. ॲमेझॉनने कोर्टात दावा लावला, पण न्यूयॉर्कमध्ये कर गोळा करायला सुरुवात केली आणि तिथले अॅफिलिएट ठेवले. पुढच्या वर्षी नॉर्थ कॅरोलायना आणि रोड आयलंडने तसेच कायदे केले, तेव्हा मात्र तिथले सगळे अॅफिलिएट एका झटक्यात गेले. मग २०१० मध्ये कोलोरॅडो. तिथली कथा मला सर्वांत जास्त खटकते, कारण तिथे शेवटी झालेल्या कायद्यातून अॅफिलिएटचं कलम वगळलेलं होतं. विक्रेत्यांनी गिऱ्हाइकांना त्यांच्या कराची माहिती द्यावी, एवढंच त्यात उरलं होतं. तरीही ॲमेझॉनने कोलोरॅडोच्या अॅफिलिएटना काढलं. २०११ मध्ये इलिनॉय, अर्कान्सा, कनेटिकट, कॅलिफोर्निया, २०१३ मध्ये मिनेसोटा, मिसुरी, मेन. प्रत्येक ठिकाणी विधानसभेत कायदा आणि मागोमाग आमच्यासारख्यांच्या इनबॉक्समध्ये ई-मेल.

कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा कच्चा नव्हता. १९६० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की अटलांटाची पेन विकणारी स्क्रिप्टो कंपनी फ्लोरिडात दहा कमिशन एजंटांमार्फत ऑर्डरी गोळा करते, म्हणून ती फ्लोरिडात हजर आहे. ते एजंट पगारी नोकर नव्हते, तरीही. मग लिंक लावणारा हा आजचा एजंटच नाही का? न्यूयॉर्कच्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने २०१३ मध्ये जवळजवळ याच आधारावर कायदा उचलून धरला आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला.

मी ते काम केलं आहे म्हणून सांगते, हे दोन प्रकार एक नाहीत. स्क्रिप्टोचा एजंट फ्लोरिडातल्या दुकानांची पायरी चढायचा, फ्लोरिडातल्या माणसाशी बोलायचा, त्याची ऑर्डर लिहून घ्यायचा. माझं पान नेपरव्हिलमधून लिहिलं जायचं, पण ते वाचणारी बाई डॅलसला असायची, एडिसनला असायची, सिएटलला असायची. कोण वाचतंय, कुठून विकत घेतंय, मला काहीच कळायचं नाही. महिन्याच्या हिशेबात फक्त वस्तूचं नाव आणि कमिशनचा आकडा यायचा. उलट विस्कॉन्सिनमध्ये बसून कुणी सगळ्या शिकागोला पुरेल एवढी विक्री लिंकमधून करून दिली, तरी इलिनॉयचा कायदा त्याला शिवत नव्हता. म्हणजे विक्री कुठे झाली हे बाजूला राहिलं आणि लिहिणारी कुठे झोपते यावर कर ठरू लागला. कर गिऱ्हाइकाच्या गावाचा होता, पण कायदा लेखिकेच्या गावात शिरला होता.

याचा परिणाम नकाशावर बोटाने दाखवता येतो. इलिनॉयच्या उत्तर टोकाला रॉकटन नावाचं छोटं गाव आहे. फॅटवॉलेट ही सवलतींची माहिती देणारी वेबसाइट तिथून चालायची, पन्नासेक माणसं कामाला होती. कायदा झाल्यावर ती कंपनी बिऱ्हाड उचलून विस्कॉन्सिनच्या बेलॉइटला गेली. अंतर जेमतेम काही मैल. शिकागोची कूपनकॅबिन इंडियानात गेली. इंटरनेटवर त्यांची पानं होती तशीच राहिली, इलिनॉयचे वाचक तीच पानं वाचत राहिले, त्याच लिंकवर क्लिक करत राहिले. इलिनॉयने मात्र कंपन्या, नोकऱ्या आणि त्यांच्यासोबतचा आयकर गमावला, तोही अशा वर्षी जेव्हा महसूल कमी पडतो म्हणून राज्याने वैयक्तिक आयकर तीन टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर नेला होता. आणि ज्या विक्रीकरासाठी हा खटाटोप केला तोही आला नाही, कारण ज्या अॅफिलिएटमुळे दुकान हजर ठरणार होतं ते अॅफिलिएटच दुकानाने काढून टाकले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचे प्रकार पुष्कळ होतात. इथे फाशीनंतर खजिन्यातही काही पडलं नाही.

कंपन्यांना मी सोडत नाही. त्यांनी आम्हाला ढालीसारखं वापरलं, आणि ते कॅलिफोर्नियात सगळ्यांना दिसलं. जून २०११ च्या अखेरीस राज्यपाल जेरी ब्राऊन यांनी कायद्यावर सही केली आणि हजारो कॅलिफोर्नियन अॅफिलिएटची खाती बंद झाली. मग ॲमेझॉनने तो कायदा जनमताला टाकण्यासाठी सह्या गोळा करायला घेतल्या. सप्टेंबरमध्ये तडजोड झाली. कंपनीला वर्षभराची मुदत मिळाली, राज्याला त्यानंतर कर मिळणार असं ठरलं, आणि अॅफिलिएटना परत बोलावलं गेलं. त्या उन्हाळ्यात ज्यांच्या घरचं उत्पन्न थांबलं त्यांना कुणी वाटाघाटीच्या खोलीत बोलावलं नव्हतं. त्यांना काढणं हा विधानसभेवर आणलेला दाब होता आणि परत घेणं हा सौद्याचा भाग. न्यूयॉर्कची बाजारपेठ सोडवत नव्हती म्हणून तिथे कर भरला आणि माणसं ठेवली, रोड आयलंडसारख्या चिमुकल्या राज्यात माणसं सोडली, याचा दुसरा अर्थ मला लावता येत नाही.

पण कंपनी नफ्याचं गणित मांडणार हे गृहीत धरूनच कायदा करायचा असतो. ज्याला एका ई-मेलने तोडता येतं अशा माणसावर जबाबदारीची खुंटी ठोकली, तर ती खुंटी उपटली जाणारच. विधानसभेत बसलेल्यांना हे आधी न्यूयॉर्कमध्ये ओव्हरस्टॉकच्या वागण्यात आणि नंतर रोड आयलंडमध्ये दिसलं होतं. तरीही पुढची राज्यं त्याच वाटेने गेली, कारण त्यांच्या हाताशी दुसरं काही नव्हतं आणि आम्ही हाताशी होतो.

ऑक्टोबर २०१३ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने आमच्या व्यवसायाच्या संघटनेच्या, परफॉर्मन्स मार्केटिंग असोसिएशनच्या, दाव्यावर तो कायदा रद्द केला. कारण साधं होतं. वर्तमानपत्रात किंवा रेडिओवर जाहिरात देऊन, जितकी विक्री तितके पैसे असा करार केला तर कायदा लागू होत नव्हता. तेच इंटरनेटवर केलं की लागू होत होता. हा इंटरनेटशी केलेला भेदभाव आहे आणि केंद्राच्या १९९८ च्या इंटरनेट करविषयक कायद्याने त्याला मनाई आहे, असं न्यायालय म्हणालं. मी निकाल वाचला त्या दिवशी खूप बरं वाटलं. माझी वेबसाइट तोपर्यंत थांबली होती. राज्याने पुढे नवा, भेदभावाचा दोष काढलेला कायदा आणला, म्हणजे रेडिओवरचा माणूसही आमच्या रांगेत आणून उभा केला.

खरं उत्तर आलं ते २१ जून २०१८ ला, साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर (ऑनलाइन फर्निचर विकणारी कंपनी) या खटल्यात. साउथ डकोटात आयकर नाही, राज्य विक्रीकरावर चालतं. त्याने २०१६ मध्ये सरळ कायदा केला. आमच्या राज्यात वर्षाला एक लाख डॉलरचा माल किंवा दोनशे व्यवहार केलेत की कर गोळा करा, इथे तुमचं कुणी असो वा नसो. पाच विरुद्ध चार मतांनी सर्वोच्च न्यायालयाने १९६७ आणि १९९२ चे निकाल मागे घेतले. निकाल न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिला. राज्यात प्रत्यक्ष हजर असण्याची अट इंटरनेटच्या काळात निरर्थक झाली आहे, हे त्याचं सार.

या नियमात मला न्याय दिसतो. माल कुठे पोचला आणि किती विकला, एवढंच विचारलं जातं. मध्ये कोण बोललं, कुणी लिहिलं, कुणी लिंक लावली याची चौकशी नाही. डेव्हॉनचा दुकानदार आणि सिएटलची ॲमेझॉन एका रेषेत येतात आणि नेपरव्हिलच्या बाईला वेठीला धरावं लागत नाही. दोनशे व्यवहारांची अट मात्र चुकीची होती. दहा डॉलरची वस्तू दोनशे जणांना विकली तर दोन हजार डॉलर होतात, आणि तेवढ्यासाठी दुसऱ्या राज्यात नोंदणी करायची, विवरणपत्रं भरायची, हे लहान विक्रेत्याला परवडत नाही. अमेरिकेत शहर आणि जिल्ह्यांचे धरून विक्रीकराचे दहा हजारांहून जास्त वेगवेगळे भाग आहेत. साउथ डकोटाने स्वतःच २०२३ मध्ये ती दोनशेची अट काढली, हे चांगलं केलं.

आपल्याकडचा एक धागा इथे सांगायलाच हवा, कारण चूक हुबेहूब तीच आहे. परदेशी कंपनीसाठी भारतात बसून मध्यस्थाचं काम केलं आणि कमिशन डॉलरमध्ये आलं, तरी आयजीएसटी (राज्याबाहेरच्या व्यवहारांवरचा जीएसटी) कायद्याच्या कलम १३(८)(ब) नुसार सेवेचं ठिकाण म्हणजे मध्यस्थाचं ठिकाण असं धरलं जायचं. सेवा घेणारा परदेशात, पैसा परदेशातून, पण ती निर्यात नाही. १८ टक्के जीएसटी भरा. परदेशी कंपन्यांना गिऱ्हाइकं मिळवून देणाऱ्या मुंबईच्या एका व्यावसायिकाने याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. जून २०२१ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. २०२३ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मताने कलम टिकलं, पण फक्त आयजीएसटीपुरतं. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने हे कलम वगळण्याची शिफारस केली. परदेशी दुकानांच्या लिंक लावणारी नाशिक-कोल्हापूरची मुलं या व्याख्येत बसतात की नाही, यावर सनदी लेखापालांत वाद घातले गेले आहेत. ज्याच्या पायाखालची जमीन सापडते त्याच्यावर कर टाकायचा, सेवा कुणी वापरली ते पाहायचं नाही, ही सवय इथेही आहे आणि ती इथेही मोडली पाहिजे.

अमेरिकेत वेफेअरनंतर लिंकवाले कायदे निरुपयोगी झाले. तरी न्यूयॉर्कसह काही राज्यांनी ते पुस्तकात ठेवले आहेत, आणि कुणाचं काय बिघडतंय असं म्हणून तो विषय बाजूला पडतो. ते काढायला हवेत, कारण आज ते मोठ्यांना लागतच नाहीत. मोठे आधीच सगळीकडे कर भरतात. न्यूयॉर्कमध्ये बाहेरच्या विक्रेत्याची साधारण मर्यादा पाच लाख डॉलर आणि शंभर व्यवहार अशी आहे. त्याखालच्या लहान विक्रेत्याला मोकळीक आहे, पण तिथल्या लिंकमधून तिथल्याच गिऱ्हाइकांना दहा हजारांच्या वर विक्री झाली की ती मोकळीक जाते. मग एकतर नोंदणी करा, नाहीतर लिंक लावणाऱ्यांकडून दरवर्षी सह्या घेऊन आपण हजर नाही हे सिद्ध करत बसा.

गेल्या वर्षी डेव्हॉनच्या त्या दुकानदारांचा फोन आला. मुलाने त्यांची वेबसाइट काढून दिली आहे, १२० व्होल्टचे ग्राइंडर आता तेही पार्सलने पाठवतात. लिंक लावणाऱ्यांना आठ टक्के देतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या एका तमिळ बाईने त्यांच्या ग्राइंडरवर इडलीच्या पिठाचा व्हिडिओ केला होता, तो चांगला चालला होता आणि तिला लिंक हवी होती. "बेन, न्यूयॉर्कचीला देऊ ना?" त्यांनी विचारलं. मी त्यांना दहा हजारांचा नियम सांगितला आणि अकाउंटंटला विचारून घ्या असंही सांगितलं. दोन दिवसांनी त्यांच्या वेबसाइटवर अॅफिलिएटचा फॉर्म उघडून पाहिला. राज्यांच्या वर्णानुक्रमाच्या यादीत न्यू मेक्सिकोनंतर थेट नॉर्थ कॅरोलायना होतं.